स्वस्त धातूचे हायड्रोजन-पटल: आधी क्रॅकरचा दाब पाहावा

आपला प्रश्न असा आहे की, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या आपल्या ब्राइट ॲनीलिंगच्या (धातू हवेविना तापवून, चकाकी राखून मऊ करण्याच्या) कारखान्यातील अमोनिया क्रॅकरमधून (अमोनिया तापवून फोडणाऱ्या यंत्रातून) ७५ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के नायट्रोजन मिळतो; हायड्रोजन वेगळा करण्यासाठी वापरतात तो महाग पॅलेडियम धातू परवडत नाही, तर हुपरीत चांदीची पट्टी लाटतात त्याच रोलिंगवर व्हॅनेडियमची पट्टी लाटून घेऊन तिच्यातून शुद्ध हायड्रोजन वेगळा करता येईल का? कल्पना मुळात चुकीची नाही. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने २०१८ मध्ये अमोनियापासून मिळालेला हायड्रोजन व्हॅनेडियमच्या पटलातून (मेम्ब्रेनमधून) शुद्ध करून त्यावर फ्युएल सेलच्या मोटारी चालवून दाखवल्या आहेत. तरीही पट्टीच्या आधी दाबाचा विचार करायला हवा.

धातूचे पटल चाळणीसारखे नसते. त्याला एक जरी छिद्र असले तरी ते निकामी. हायड्रोजनचा रेणू तापलेल्या पृष्ठभागावर फुटतो, सुटे अणू धातूच्या आतून सरकत पलीकडे जातात आणि तिथे पुन्हा त्यांचे रेणू बनतात, त्यामुळे नायट्रोजन अलीकडेच राहतो. हा प्रवाह दोन्ही बाजूंच्या हायड्रोजनच्या आंशिक दाबांच्या (मिश्रणात एकट्या हायड्रोजनच्या वाट्याला येणाऱ्या दाबांच्या) वर्गमुळांतील फरकावर ठरतो. आपला क्रॅकर वातावरणाच्या दाबाच्या आसपास चालत असेल, तर आत हायड्रोजनचा आंशिक दाब जेमतेम ०.७५ बार असणार, आणि पलीकडे १ बारने शुद्ध वायू हवा असेल तर काहीच पुढे सरकणार नाही. हेच मिश्रण ९ बार निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेल्या) दाबाला दिले, तर आंशिक दाब ६.७५ बार होतो आणि हिशेबाने जास्तीत जास्त ९६ टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन काढता येतो. म्हणजे पटलाच्या आधी कॉम्प्रेसरचा, निदान पलीकडच्या बाजूला व्हॅक्यूम पंपाचा खर्च आला.

आता धातूकडे वळू. आपल्या फौंड्रीवाल्यांना व्हॅनेडियम म्हटले की फेरो-व्हॅनेडियम (लोखंड आणि व्हॅनेडियमची मिश्रधातू) आठवते, पण त्याचा इथे उपयोग नाही. शुद्ध व्हॅनेडियम थंड असतानाही लाटता येते; मात्र त्यात ऑक्सिजन किंवा नायट्रोजन थोडा जरी मुरला तरी ते ठिसूळ होते. म्हणून ते आपल्याकडच्या उघड्या इंडक्शन भट्टीत वितळवता येणार नाही, त्यासाठी आर्गॉनमधील किंवा निर्वात भट्टीच हवी. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर येतो आणि त्या थरावर हायड्रोजनचा रेणू फुटत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना पॅलेडियमचा लेप द्यावाच लागतो. तरी बचत मोठी आहे. ५० मायक्रॉन जाडीच्या १ चौरस मीटर पॅलेडियम पत्र्याला सुमारे ६०० ग्रॅम पॅलेडियम लागते. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मायक्रॉन लेप दिला तर १२ ग्रॅम पुरते. पण तापमान बरेच वाढले की हा लेप हळूहळू खालच्या धातूत मुरतो आणि प्रवाह घटत जातो, म्हणून अशी पटले ४०० अंश सेल्सिअसच्या फार वर नेत नाहीत.

खरी अडचण थंड होताना येते, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका प्रयोगशाळेत चाचणी चालू असताना वीज गेली आणि व्हॅनेडियमचा नमुना हायड्रोजनमध्येच थंड झाला. सकाळी चिमट्याने उचलताच तो पापडासारखा तुटला, आणि तुटलेल्या कडा करड्या, दाणेदार दिसत होत्या. तापमान उतरते तसा व्हॅनेडियम जास्त हायड्रोजन शोषतो, फुगतो आणि तडकतो. शुद्ध पॅलेडियमलाही सुमारे ३०० अंशांखाली हाच धोका असतो, म्हणून त्यात २३ टक्क्यांच्या आसपास चांदी मिसळण्याची पद्धत रूढ झाली. व्हॅनेडियममध्ये त्याच हेतूने निकेल, ॲल्युमिनियम किंवा क्रोमियम घालतात.

मला स्वतःला नायोबियम-टायटॅनियम-निकेल ही मिश्रधातू जास्त आश्वासक वाटते. जपानमध्ये तिच्यावर पुष्कळ काम झाले आहे, आणि ४०-३०-३० अणुप्रमाणातील नमुन्यांची पारगम्यता (हायड्रोजन आरपार जाऊ देण्याची क्षमता) शुद्ध पॅलेडियमच्या बरोबरीची आढळली आहे. आपण एसजी आयर्नची (गोलाकार ग्राफाइट असलेल्या बिडाची) मायक्रोस्कोपखालची रचना पाहिली असेल. तिथे ग्राफाइटच्या गोळ्याभोवती मऊ फेराइटचे कडे असते. इथेही नायोबियमबहुल कणांभोवती टायटॅनियम-निकेलची चिवट बारीक जाळी असते. हायड्रोजन मुख्यतः कणांतून जातो आणि त्यांचे फुगणे ही जाळी आवरून धरते. पॅलेडियमचा लेप मात्र हिलाही लागतोच.

म्हणून माझा सल्ला असा आहे की, उत्पादनासाठी तूर्त तयार पॅलेडियम-चांदीचा प्युरिफायर किंवा प्रवाह मोठा असल्यास पीएसए संयंत्र (दाब बदलून, नको ते वायू शोषून घेऊन हायड्रोजन वेगळा करणारे) घ्यावे, आणि मिश्रधातूचा प्रयोग रुपयाएवढ्या चकतीवर वेगळा करावा. लेपासाठी शिवाजी विद्यापीठात विचारावे, कारण पातळ थरांवर तिथे अनेक वर्षे काम झाले आहे. चकती बसवल्यावर आधी हीलियमचा दाब द्यावा. हीलियम पलीकडे आला तर पिनहोल (सूक्ष्म छिद्र) आहे किंवा सील गळते आहे, असे समजून हायड्रोजन सोडूच नये, कारण हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो. भट्टी बंद करताना तापमान उतरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा हायड्रोजन आर्गॉनने पूर्ण काढून टाकावा, आणि वीज गेली तर हेच काम आपोआप करणारा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून बसवावा.

क्रॅकरच्या आउटलेटवरील गेज किती दाब दाखवते आणि तासाला किती घनमीटर शुद्ध वायू हवा आहे, हे कळवल्यास चकतीवरील चाचणीवरून पटलाचे क्षेत्रफळ कसे काढायचे ते मी मांडून देईन.