कर्णबधिर: द्विरुक्ती कसली?

प्रश्न आला आहे की बधिर म्हणजेच बहिरा, मग ‘कर्णबधिर’ हा ‘पिवळा पीतांबर’सारखा प्रकार नाही का?

नाही. दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करतात, थंडीने बोटं बधिर होतात. मराठीत हा शब्द कानातून निघून अंगभर पसरला, म्हणून अवयव सांगावा लागतो. शिवाय ही जोडी आजची नाही. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात, २३व्या सूक्तात ‘बधिरा ततर्द कर्णा’ असं आहे: ऋताची, म्हणजे विश्वाच्या सत्य-नियमाची, हाक बहिरे कानही भेदून गेली. ऋषींना कान सांगावासा वाटला, तिथे आपले शुद्धतावादी कशाला अडतात?

अडायचं तर ‘मूकबधिर’ला अडा. बातम्यांत हा शब्द ऐकला की मला संताप येतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचे स्वरतंतू, जीभ, टाळू, ओठ सगळं धड असतं. ती मोठ्याने रडतात, हसतात. बोलणं कानावर पडत नाही, आपला आवाजही पडताळता येत नाही, म्हणून उच्चार बसत नाहीत. त्यात ‘मूक’ काय आहे? आणि खुणांच्या भाषेत ती भरभरून बोलतात, ते वेगळंच.

आता खरी गंमत. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘ध’चा ‘ह’ होतो. प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या वररुचीने तसं सूत्रच दिलंय. दधि-दही, गोधूम-गहू, तसा बधिर-बहिरा. म्हणजे ‘बधिर’ सभ्य आणि ‘बहिरा’ हिणकस हा भेद आपण पाडलेला, शब्द एकच.

याच बधिराचा भाऊ आयर्लंडमध्ये आहे: जुन्या आयरिशमध्ये ‘बोदर’ म्हणजे बहिरा, वेल्शमध्ये ‘बदर’. माझं ठाम मत आहे की इंग्रजीतलं ‘बॉदर’ (bother, त्रास देणे) याच बोदरपासून आलं. इंग्रज कोशकार ‘उगम अनिश्चित’ म्हणून हात झटकतात. त्यांची हरकत अशी की आयरिशमधला तो मधला ‘द’ ‘बॉदर’ इंग्रजीत दिसेतोवर उच्चारातून गेला होता. असेल गेला. पण ‘बॉदर’चे सर्वांत जुने वापर १८व्या शतकातल्या आयरिश मंडळींचेच आहेत, आणि तेव्हाचा अर्थ होता गोंगाटाने भंडावून सोडणे. त्यालाच आपण कान किटणे म्हणतो. अर्थ आणि माणसं दोन्ही जुळत असताना एका व्यंजनासाठी नातं तोडणं मला मान्य नाही.