टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम या दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना तेरा वर्षं का बंद होता? आता तो टिकेल का?

वैर हाताबाहेर गेलं म्हणून सामना बंद केला, असा समज आहे. तसं एकदा झालंही होतं: १९११ च्या मारामाऱ्यांनंतर १९१२ ते १९१४ सामना झाला नाही. पण २०११ नंतरचा खंड सरळसरळ टीव्हीच्या पैशावरून पडला.

नवख्यांसाठी थोडक्यात. फुटबॉल म्हणजे इथे लंबगोल चेंडूचा अमेरिकन खेळ. ऑस्टिनचे लाँगहॉर्न्स (म्हणजे टेक्सास) आणि तिथून साधारण १६० किलोमीटरवरच्या कॉलेज स्टेशनचे ॲगीज (म्हणजे ए अँड एम) १८९४ पासून एकमेकांशी खेळतात. २०११ पर्यंत ११८ सामने झाले: टेक्सास ७६, ए अँड एम ३७, बरोबरी ५. आकडे एकतर्फी दिसतात, पण खुन्नस दोन्हीकडे सारखीच. १९१५ मध्ये ए अँड एम १३-० जिंकलं, आणि १९१७ मध्ये त्यांच्या पोरांनी टेक्सासच्या शुभंकर बैलाच्या अंगावर तो आकडाच डागला. त्या डागातूनच बैलाला ‘बेव्हो’ नाव पडलं ही कथा मात्र खोटी, नाव आधीपासूनच होतं. ॲगीजच्या गीतात या बैलाची शिंगं करवतीने कापायची भाषा आहे. तेव्हा प्रेक्षक हातात हात गुंफून डुलतात. एक रांग डावीकडे झुकते तेव्हा पुढची उजवीकडे, आणि लांबून अख्खा स्टँड करवतीसारखा हलताना दिसतो.

आता खंडाविषयी. दोन्ही संघ ‘बिग १२’ या गटात (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेत) होते. २०११ मध्ये टेक्सासने ईएसपीएन या क्रीडावाहिनीबरोबर स्वतःची वाहिनी काढली, लाँगहॉर्न नेटवर्क. वीस वर्षांचे तीस कोटी डॉलर. एकाच गटातल्या एका सभासदाला एवढी स्वतंत्र कमाई, शिवाय त्याच वाहिनीवर शाळांचे सामने दाखवायचा बेत. म्हणजे उद्याचे खेळाडू आधीच टेक्सासच्या पडद्यावर. ए अँड एमने २०१२ ला ‘एसईसी’ हा दुसरा गट गाठला. २०११ चा शेवटचा सामना टेक्सासच्या जस्टिन टकरच्या ४० यार्डांच्या किकवर अगदी शेवटच्या क्षणी टेक्सासने २७-२५ जिंकला, आणि ती जखम ॲगीजनी तेरा वर्षं जपली.

गट वेगळे झाले तरी खेळता आलं असतं ना? आलं असतं, पण हंगामात सामने बारा. बिग १२ मध्ये त्यातले नऊ गटातलेच, उरले तीन. ते कित्येक वर्षं आधी ठरलेले असतात, आणि घरच्या मैदानावरच्या सामन्याचा गल्ला कुणी सुखासुखी सोडत नाही. टेक्सासला फारशी इच्छाही नव्हती. सामना सक्तीचा करणारं विधेयक २०१३ मध्ये राज्याच्या विधिमंडळात आलं, पण ते तिथेच विरलं. शेवटी १ जुलै २०२४ ला टेक्सासच एसईसीत आलं, आणि प्रश्न आपोआप सुटला.

पुनरागमनाच्या सामन्यात टेक्सास १७-७ जिंकलं. ॲगीजचे ते सात गुणही बचावफळीने मिळवलेले: विल लीने पास हिसकावून ९३ यार्ड धाव घेतली. आक्रमणाच्या खात्यात भोपळा. २०२५ मध्ये ए अँड एम सलग ११ विजय घेऊन ऑस्टिनला आलं, मध्यंतराला १०-३ ने पुढेही होतं, आणि २७-१७ हरलं.

पुढचं सांगायचं तर, एसईसी २०२६ पासून गटात नऊ सामने खेळवणार आहे. प्रत्येक संघाला तीन कायमचे प्रतिस्पर्धी, आणि टेक्सासचे ओक्लाहोमा, आर्कान्सा नि ए अँड एम. ही यादी २०२९ पर्यंतची, मग फेरविचार. हा सामना कुणी वगळेल असं मला वाटत नाही, वाहिन्यांना तो सोन्याच्या अंड्यासारखा आहे.

मला काळजी वेगळीच वाटते. २०२५ मध्ये हरूनही ए अँड एम बारा संघांच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत गेलं, आणि जिंकूनही टेक्सास (९-३) बाहेर राहिलं. पूर्वी या एका पराभवाने हंगाम नासायचा. आता हरणाऱ्याला डिसेंबरात दुसरी संधी असते. सामना राहील, पण त्याचा डंख पूर्वीइतका राहील का, याबद्दल शंका आहे.

बघायचा असेल तर २०२६ ला तो कॉलेज स्टेशनला आहे, नोव्हेंबरअखेर. (पूर्वी सम वर्षी ऑस्टिन असायचं, आता उलट झालंय.) टेक्सासची वेळ तेव्हा आपल्या साडेअकरा तास मागे असते. मागचे दोन्ही सामने तिथे संध्याकाळी साडेसहाला होते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला.