मान आखडून रोज डोकं दुखतं, फिजिओथेरपीने फरक पडतो का?

पडतो, पण दुखणं खरंच मानेतून येत असेल तर. मानेच्या वरच्या 3 नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस आत एकाच ठिकाणी जुळतात, म्हणून बिघाड मानेत आणि ठणका डोळ्यामागे, असं होतं. शेक-मालिशने तात्पुरतं बरं वाटतं. टिकतो तो व्यायामाचा गुण. उताणं झोपा, डोकं न उचलता 'हो' म्हणताना हलते तेवढीच हनुवटी आत घ्या, 10 सेकंद धरा, असं 10 वेळा. मानेच्या बाजूचे स्नायू दोरीसारखे ताठले तर जोर जास्त होतोय. दीड महिना तरी नेटाने करा. महिन्यात 10-15 दिवस डोकेदुखीच्या गोळ्या घेत असाल तर त्यांनीही डोकं दुखू शकतं, हे डॉक्टरांना सांगाच. हाताला मुंग्या, ताप किंवा अचानक भयंकर दुखणं असेल तर आधी दाखवून घ्या.