एकच सर्दी, दोन काढे

प्रश्न : माझा मुलगा नानजिंगला शिकतो. गेल्या महिन्यात तो आणि त्याच्या खोलीतला मित्र एकाच दिवशी सर्दीने आडवे झाले. दोघं तिथल्या चिनी वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, तहान लागते का, घाम येतो का विचारलं आणि मित्राला ‘वारा-थंडी’, मुलाला ‘वारा-उष्णता’ झाली असं सांगितलं. मित्राला दालचिनीचा काढा, मुलाला हनीसकलच्या फुलांची पुडी. एकाच्या शिंकेतून दुसऱ्याला लागलेली सर्दी, मग एकाला थंडी बाधते आणि दुसऱ्याला उष्णता, हे कसं? हा अंदाजपंचे कारभार तर नाही ना? आणि मित्राचा उरलेला काढा मुलाने घेतला तर चालेल का?
– एक आई

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, घेऊ देऊ नका. का, ते ओघात येईलच.

तुमचा गोंधळ मला नवा नाही. नानजिंगच्याच एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मी दोन हिवाळे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून काढले आणि पहिला हिवाळा नेमका याच गोंधळात गेला. मला वाटायचं, ‘वारा-थंडी’ म्हणजे रोगी काल वाऱ्यात फिरला असणार. म्हणून मी प्रत्येकाला विचारायची, काल कुठे होतात, खिडकी उघडी होती का? आमच्या लाओशी (तिकडे शिक्षकांना असंच म्हणतात) एकदा वैतागून म्हणाल्या, ‘तू पोलीस आहेस का?’

त्या म्हणत होत्या ते असं. चिनी वैद्यकात बाहेरून येणारी कारणं सहा : वारा, थंडी, उन्हाळ्याची झळ, ओल, कोरडेपणा आणि आग. ऋतूप्रमाणे आली तर ती नुसती हवा. अवेळी किंवा अती झाली की ‘लिऊ यिन’, म्हणजे सहा अतिरेक. पण रोगी समोर बसला की वैद्य कारणापासून सुरुवात करत नाही. तो लक्षणांची मोट बांधतो आणि तिच्यावरून उलट्या दिशेने कारणाचं नाव ठरवतो. ‘वारा-थंडी’ हा गुन्हेगार नव्हे, ते अंगाच्या वागण्याला दिलेलं नाव आहे. विषाणू एकच असेल, तुमचं म्हणणं खरं. पण दोन अंगांनी त्याला दोन तऱ्हांनी तोंड दिलं. वैद्यबाईंनी ती तऱ्हा वाचली.

मित्राला बहुधा हुडहुडी भरली असेल, अंग मोडून आलं असेल, नाकातून पाण्यासारखं वाहत असेल, तहान नसेल, जिभेवर पातळ पांढरा थर असेल. थंडी आकसवते, असं तिथलं गृहीतक आहे : त्वचेची रंध्रं मिटतात, घाम अडतो, स्नायू आखडतात, नाडीही ताणलेल्या दोरीसारखी लागते. तुमच्या मुलाचा घसा दुखत असेल, पाणी प्यावंसं वाटत असेल, कफ पिवळसर, जिभेचं टोक लाल, नाडी जलद. दोघांची नाडी ‘तरंगती’ मात्र असणार : बोट हलकं ठेवलं की लागते, दाबलं की क्षीण होते. म्हणजे रोग अजून वरवर आहे, आत उतरलेला नाही. आणि दोन्ही नावांत ‘वारा’ का? तो अचानक येतो, जागा बदलतो, डोकं-नाक-घसा आधी गाठतो आणि बाकीच्यांना पाठीवर घेऊन आत शिरतो. जुन्या ग्रंथात त्याला शंभर रोगांचा म्होरक्या म्हटलंय.

लाओशींचा सगळा भर एका प्रश्नावर असे : थंडी वाजते का? ताप किती, हा प्रश्न नंतरचा. तिकडच्या वैद्यांच्या तोंडी एक वचन कायम असतं, की जोवर कणभर थंडी वाजते तोवर रोग कणभर तरी बाहेरच आहे. थंडी थांबली, नुसता ताप आणि तहान उरली, की तो आत गेला. त्या क्षणी कालचा काढा चुकीचा ठरतो. अंग गरम करून घाम आणणारं औषध, आधीच तापलेल्या आणि घसा सुजलेल्या मुलाने घेतलं तर त्यांच्या हिशेबाने ते आगीत तेल. उरलेल्या काढ्याला मी नाही म्हटलं, ते म्हणून.

लक्षणांच्या या वाचनाचा पाया घातला चांग चोंगचिंग या वैद्याने, चीनच्या हान राजवटीच्या अखेरीस. थंडीच्या ज्वरावरच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो लिहितो, की आपल्या कुळात दोनशेहून जास्त माणसं होती, इ. स. 196 पासून दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली आणि गेलेल्यांपैकी दहात सात थंडीच्या ज्वराने. हे वाचल्यावर त्याच्या बारकाव्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. थंडीच्या बाधेतही तो दोन वाटा करतो. घाम येत नसेल तर एफेड्रा या झुडपाचा काढा. आपोआप घाम सुटत असेल आणि वारा नकोसा वाटत असेल तर दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पांढरा पिओनी, आलं, ज्येष्ठमध आणि लाल बोरं. हा दुसरा काढा घेतल्यावर गरम पातळ पेज प्यायची आणि साधारण दोन तास पांघरून पडायचं. अंगभर बारीक दव यावं, घामाच्या धारा लागू नयेत, हेही त्याने लिहून ठेवलंय. अठराशे वर्षांपूर्वीच्या माणसाने घामाचं माप सांगावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मुलाची पुडी मात्र दुसऱ्या घराण्याची. दक्षिणेच्या दमट, उष्ण यांगत्झे खोऱ्यातल्या वैद्यांना पुढे वाटू लागलं, की आपले ताप या थंडीच्या चौकटीत मावत नाहीत. 1641 च्या साथीनंतर वू योउकने 1642 मध्ये लिहिलं, की साथीचा रोग थंडी-वाऱ्याने होतच नाही. त्याचं एक निराळंच दूषित ‘छी’ (हवेसारखं अदृश्य तत्त्व) असतं आणि ते नाका-तोंडातून शिरतं. सूक्ष्मदर्शकाशिवाय काढलेला हा निष्कर्ष! अठराव्या शतकात ये थियेनशर आणि त्यानंतर वू चूथोंग यांनी ‘उष्ण ज्वरा’ची वेगळी मांडणी केली. हनीसकल आणि फॉरसिथिया या वनस्पतींचं चूर्ण, म्हणजे तुमच्या मुलाच्या पुडीचं घराणं, वू चूथोंगचं.

ओलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगा नानजिंगला आहे म्हणून सांगते. जून-जुलैत तिथे ‘मेयू’चा, आलुबुखार पिकतानाचा पाऊस लागतो, भिंतीसुद्धा घामेजतात. तेव्हा येणारे रोगी म्हणतात, डोक्याला ओलं फडकं गुंडाळल्यासारखं वाटतं. ही उपमा त्यांची नव्हे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातली. त्यांना ते ठाऊकही नसतं. ओल जड आणि चिकट. भूक मरते, जिभेवर लोण्यासारखा थर येतो, आजार हटता हटत नाही. कोरडेपणा आणि आग यांचं इथे काम नाही, त्यांना सोडून देते.

आता अंदाजपंचे का, याबद्दल. चूक होते, मी स्वतः केलीय. एका बाईच्या जिभेवर पिवळा थर पाहून मी ऐटीत ‘वारा-उष्णता’ लिहिलं. लाओशींनी तिला विचारलं, आत्ता काय खाल्लं? बाहेर बाकावर बसून संत्रं. जीभ धुवून पाहिली तर थर पांढरा. जिना पळत चढून आलेल्याची नाडीही अशीच फसवते. एकाच रोग्याला दोन अनुभवी वैद्यांनी दोन नावं दिलेलीही मी पाहिलीत. ही पद्धत शिस्तशीर आहे, पण मोजमापाची नाही. जिभेवरून विषाणू कळतो असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही. साधी सर्दी तशीही आठवड्याभरात ओसरते, त्यामुळे श्रेय काढ्याला किती, हे तुमच्या मुलावरून ठरणार नाही.

एक मात्र मुलाला विचारून घ्या : मित्राच्या काढ्याच्या पाकिटावर दालचिनीसोबत ‘माहुआंग’ही लिहिलंय का? तो एफेड्रा. त्यातल्या एफेड्रिनने छाती धडधडते, रक्तदाब चढतो. अमेरिकेत 2004 मध्ये एफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी आली ती यामुळेच. आणि पुढे कधी मुलाचा ताप तीन दिवसांनी उतरला नाही, धाप लागली, मान ताठली किंवा तो बोलताना भरकटू लागला, तर वारा की उष्णता हा घोळ बाजूला ठेवून त्याला सरळ आधुनिक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायला सांगा. त्या लाओशीही अशा रोग्याच्या नाडीला हात न लावता आधी शेजारच्या इमारतीत चिठ्ठी पाठवत.