टोमॅटो-मिरचीचं बी उगवतं, पण रोपं लांबट होऊन आडवी पडतात आणि जगलेली कुंडीत लावली की सुकतात. काय करावं?

बी उगवतंय ना, मग बियाण्यात खोट नाही. तुम्ही लिहिलंय की ट्रे किचनच्या खिडकीत असतो आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालता, घोळ या दोन्हीतच आहे.

खिडकीतला उजेड रोपाला पुरत नाही. उगवेपर्यंत सावलीत चालतं, पण कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे गॅलरीत सकाळच्या कोवळ्या उन्हात न्यायचा, नाहीतर रोप उजेडाच्या मागे नुसता दांडा लांबवत बसतं.

आडवं पडलेलं एखादं रोप जवळून बघा, दांडा मातीलगत सुतासारखा बारीक आणि पाणचट झालाय का? मग ती मर, म्हणजे बुरशी. सतत ओल राहिली की ती येतेच, औषधं शोधण्याआधी पाणी कमी करा. वरचा थर बोटाला कोरडा लागला कीच पाणी, तेही ट्रे ताटलीत ठेवून खालून. कुंडीतली जुनी माती ट्रेत नको, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत अर्धं-अर्धं घ्या, चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. नुसत्या कोकोपीटमध्ये रोपाला खायला जवळपास काहीच नसतं, म्हणून त्यात रोपं पिवळी पडतात. बी अर्धा सेंटीमीटर खोल, विरळ टाका. टोमॅटो आठवडाभरात दिसतो, मिरचीला १०-१५ दिवस लागतात, थंडीत अजून जास्त, तोवर उकरून बघायचं नाही (सगळे बघतात!).

आता कुंडीत लावायचं. टोमॅटो साधारण ३-४ आठवड्यांनी, मिरची ५-६ आठवड्यांनी, ४-५ खरी पानं आल्यावर, उगवताना येणारी पहिली दोन त्यात धरायची नाहीत. आधीचा आठवडाभर पाणी थोडं तोडा आणि ऊन रोज वाढवत न्या, तुमची रोपं सुकतात ती बहुतेक हे न केल्यामुळेच, सावलीतून एकदम टेरेसच्या उन्हात गेलेलं रोप कसं टिकणार. लावणी संध्याकाळी करा, तासभर आधी ट्रेला पाणी द्या म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटत नाही, आणि रोप दांड्याला धरून उपटू नका, पानाला धरा, पान तुटलं तर दुसरं येईल, दांडा चेमटला तर रोप गेलं. टोमॅटोची लांबट झालेली रोपंही फेकू नका हां, पहिली दोन पानं खुडून तिथपर्यंत दांडा मातीत गाडा, त्याला मुळं फुटतात. मिरची, वांगं मात्र ट्रेत होतं तेवढंच खोल लावा.

नंतर दोन-तीन दिवस दुपारचा आडोसा द्या. दुपारी माना टाकून संध्याकाळी परत उभी राहिली तर ठीक आहे, लगेच पाण्याचा मग घेऊन धावू नका.

आणि हो, मेथी, भेंडी, गवार, मुळा, गाजर यांच्यासाठी ट्रेचा खटाटोप नको, थेट कुंडीतच पेरा. गाजर उपटून लावलं की हमखास फाटे फुटतात.