पान खाणाऱ्या अळीपासून रोपाचा बचाव

प्रश्न : अळी पाने खात असताना जागचे हलू न शकणारे रोप स्वतःचा बचाव करू शकते का?

उत्तर : होय, आणि तोही आडवळणाने. लष्करी अळी मक्याचे पान कुरतडू लागली, की तिच्या तोंडातील स्रावामुळे रोप विशिष्ट वासाची संयुगे हवेत सोडते. त्या वासाच्या मागाने आलेल्या परजीवी गांधीलमाश्या अळीच्या शरीरात अंडी घालतात आणि त्यांतून निघणारी पिल्ले अळीलाच आतून खातात. संशोधक टर्लिंग्ज व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले, की पानाला केवळ कृत्रिम जखम केल्यास असा प्रतिसाद मिळत नाही. जखमेवर अळीचा स्राव लावल्यास मात्र मिळतो. अर्थात, अळी लगेच मरत नसल्याने कुरतडलेल्या पानाला याचा फारसा उपयोग होत नाही.