सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यातून गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार कसे झाले? त्यांच्यासारखी कारकीर्द आज शक्य आहे का?

एसटीचा प्रवास आणि साधी राहणी यावरच बहुतेक लोक थांबतात. ते खरं आहे, पण साधे राहून पडलेले उमेदवारही महाराष्ट्रात खूप आहेत. आबासाहेबांची (गणपतरावांना लोक याच नावाने ओळखत) कारकीर्द समजून घ्यायची तर आधी निकाल बघा.

१९६२ ते २०१४ या काळात ते १३ निवडणुका लढले आणि ११ जिंकले, सगळ्या शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप). १९७२ मध्ये पडले, पण १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या १९२ मतांनी हरले आणि १९९९ ला पुन्हा निवडून आले. (११ वेळा निवडून येणं हा देशातला विक्रम असल्याचं सांगितलं जातं, ते बरोबर नाही. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा निवडून आले होते. त्यामुळे आबासाहेबांचं काम तसूभरही कमी ठरत नाही.)

आता मूळ मुद्दा. छोट्या पक्षाच्या आमदाराला सभागृहात संख्याबळाप्रमाणे, म्हणजे फारच कमी वेळ मिळतो. त्याचा भर तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) आणि कपात सूचना (खात्याच्या खर्चात कपात सुचवून प्रश्न मांडणं) यांवरच असतो. त्यासाठी कागद वाचलेला लागतो. ते वकील होते, याचा इथे मोठा उपयोग झाला. नवे आमदार हमखास चुकतात ते इथेच: योजनेला प्रशासकीय मान्यता मिळाली की गावात फटाके वाजतात, पण त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तरतूद किती झाली हे कोणी बघत नाही. तरतूद नाममात्र असेल तर काम वर्षानुवर्षं तिथेच राहतं.

टेंभू योजना हे याचं जवळचं उदाहरण. कराड तालुक्यात कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने आटपाडी-सांगोल्याकडे आणायचं, लाभक्षेत्र सुमारे ८० हजार हेक्टर. १९९६ मध्ये मान्यता मिळाली, पण पाणी शिवारात यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. एकट्या आमदाराच्या आवाजाने असं काम हलत नाही. म्हणून पाणी चळवळीतले नेते नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्याबरोबर आटपाडीला १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद १९९३ पासून भरत राहिली. बाहेर परिषद आणि आत प्रश्न, असा दोन्हीकडून रेटा होता. पाणी आल्यावरही उपसा योजनेत वीजबिलाची अडचण असते. बिल थकलं की पंप बंद. शेवटी ८१ टक्के बिल शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचं असं ठरलं, तेव्हा ही गाठ थोडी सैल झाली.

दुसरा आधार सूतगिरणीचा. पाणी नसलेल्या तालुक्यात साखर कारखान्यासाठी ऊस कुठून आणणार? कापसाचं तसं नाही, तो बाहेरून आणता येतो. सहकारी सूतगिरणीमुळे पावसावर न अवलंबणारा पगार तालुक्यात आला. पुढे महिलांची वेगळी सूतगिरणीही उभी राहिली. १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी खातं होतं. नमुना ४ भरून काम मागितलं की १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. हा हक्क दुष्काळी भागात काय असतो, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि आघाडीचं गणित, जे भक्त मंडळी सांगत नाहीत. माझ्या मते २०१४ पर्यंतच्या विजयांत राष्ट्रवादीच्या साथीचा वाटा मोठा होता. २०१९ मध्ये आबासाहेब उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत लढले. राष्ट्रवादीचे दीपक साळुंखे शहाजीबापूंच्या बाजूने गेले आणि शेकाप ७६८ मतांनी हरला. २०२४ ला साळुंखे स्वतःच मैदानात उतरले, लढत तिरंगी झाली आणि दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले.

आज शक्य आहे का? एखाद्या तालुक्यात शक्य आहे. मात्र निवडणुकीच्या वर्षी सुरुवात करून उपयोग नाही. सोसायटी, बाजार समिती, पंचायत समिती इथे दहा-पंधरा वर्षं घालवावी लागतात आणि हरल्यावरही दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडं ठेवावं लागतं. १९९५ ते १९९९ या चार वर्षांचा अभ्यास करा. जिंकलेल्या ११ निवडणुकांपेक्षा तिथे शिकण्यासारखं जास्त आहे.